कड्यावरील शंख

दिवेआगरचा समुद्रकिनारा वाळूचा आहे. नारळी-पोफळींच्या वाड्या ओलांडून बाहेर पडलें कीं सुरूंच्या आडून लांबच लांब पुळण दिसूं लागते. लाटा त्या पुळणीवर शंखशिंपल्यांचा जो खच आणून टाकतात, तो बहुतेक मेलेल्या जीवांच्या रिकाम्या घरांचा असतो. जिवंत शंख पाहावयाचा असेल तर दक्षिणेकडे भरडखोल मागें टाकून शेखाडीच्या बाजूस जावें. तेथें काळा खडक थेट पाण्यांत उतरतो. भरतीची रेषा जेथें संपते तिच्याहि थोडें वर, जेथें केवळ लाटांचे तुषार पोंचतात अशा खांचांतून, वाटाण्याएवढे करड्या रंगाचे शंख चिकटून बसलेले असतात. भर दुपारीं हा खडक तव्यासारखा तापतो. अशा वेळीं आंतील प्राणी अंग आंखडून घेतो, शंखाच्या तोंडावर शिंगासारख्या पदार्थाचें जें पातळ झांकण असतें तें लावून घेतो, आणि स्वतःच्याच चिकट रसानें खडकाला डकवून राहतो. रात्रीं हवा दमट झाली कीं झांकण उघडतें व तो चरावयास निघतो. खडकावरील शेवाळाचा डोळ्यांना न दिसणारा थर हें त्याचें कुरण होय. शास्त्रज्ञ ह्या कुलाला 'लिटोरिनिडी' म्हणतात. किनारा ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हें नांव आलें आहे. जगांतील बहुतेक सर्व समुद्रांच्या कांठीं हें कुल पसरलेलें असून नांवाप्रमाणेंच तें समुद्राची सोबत सोडीत नाहीं.

ह्या नियमाला अवघा एक अपवाद आहे, आणि तो पाहावयास दूरदेशीं जावयास नको. दिवेआगरच्या दक्षिणेस, हरिहरेश्वरापाशीं, सावित्री नदी समुद्राला मिळते. तिच्या कांठानें उलट चालत गेलें आणि महाड व पोलादपूर मागें टाकलें, कीं समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या माथ्यावर, महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत, ह्या नदीचा उगम दाखवितात. दिवेआगरपासून हें स्थळ सरळ रेषेंत सुमारें पाऊणशें किलोमीटर आहे. वर्षाकाठीं तेथें दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि कड्यांच्या कांहीं भागांवरून तर बारा महिने पाणी झिरपत असतें. अशा ठिकाणीं, धबधब्याच्या तुषारांनीं सदैव भिजलेल्या दगडावर, तसाच एक लहानसा शंख चिकटलेला आढळतो. खडक तोच, दख्खनच्या थिजलेल्या लाव्ह्याचा. शेवाळ खरवडून खाण्याची रीत तीच. तोंडावरील झांकणहि त्याच घडणीचें. पाणी तेवढें खारट नव्हे, गोडें. 'क्रेम्नोकाँकस' हें ह्या प्रजातीचें शास्त्रीय नांव असून पश्चिम घाटाबाहेर ती पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि सांपडत नाहीं. लिटोरिनिडी कुलांतील गोड्या पाण्यांत वस्ती करणारी एवढी एकच प्रजाति.

हिच्या नामकरणाची कथा एका उष्ण प्रदेशांतील बेटावरून सुरू होते. एडगर लिओपोल्ड लेयर्ड नांवाचा एक इंग्रज अधिकारी गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८४६ नंतर कांहीं वर्षें, सिलोनांत सरकारी नोकरीवर होता. आज त्याचें नांव पक्षिशास्त्रांत अधिक घेतलें जातें. सिलोनचा एक पोपट इंग्रजीत अजून त्याच्याच नांवानें ओळखला जातो. परंतु कचेरीचें काम संपलें कीं डोंगराळ ओढ्यांतून शंख वेंचीत हिंडणें हाहि त्याचा छंद होता. सिलोनच्या वेगवान ओढ्यांत 'पॅलुडोमस' जातीचे गोल, जाड कवचाचे शंख विपुल आहेत. त्यांविषयीं त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें १८५४ सालीं एक निबंध ठेविला आणि कित्येक नव्या जातींचीं वर्णनें दिलीं. त्याच निबंधांत, जणूं जातां जातां, महाबळेश्वरच्या ओढ्यांतील एका शंखाचेंहि वर्णन आहे. त्याला लेयर्डनें 'अँक्युलोटस' ह्या प्रजातींत घातलें. अँक्युलोटस हे अमेरिकेंतील नद्यांचे शंख. महाबळेश्वरच्या जीवाला अशा रीतीनें पहिलें नांव मिळालें तें हजारों कोस दूरच्या, कांहीं नातें नसलेल्या घराण्याचें.

लेयर्डला ह्यासाठीं दोष देणें योग्य होणार नाहीं. रिकामा शंख हाती घेऊन ओळख पटविणें म्हणजे नुसत्या अंगरख्यावरून माणसाची जात सांगण्यासारखें आहे. प्रवाह जोराचा असेल तर शंख जाड व आंखूड होतो. पाणी संथ असेल तर त्याच जातीचा शंख उंच व नाजूक वाढतो. दगडावर घांसून शेंडा झिजतो, चुन्याच्या अभावीं कवच पातळ होतें. एकाच जातीच्या निरनिराळ्या रूपांना निरनिराळीं नांवें देण्याची चूक एकोणिसाव्या शतकांतील संग्राहकांनीं वारंवार केली, आणि दोन अगदीं वेगळ्या घराण्यांतील जीवांना रूपसाम्यामुळें एकत्र बसविण्याचीहि केली. खरें नातें आंतील देहांत असतें.

तो देह पाहिला विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड ह्यानें. हा भूगर्भशास्त्रज्ञ. १८५५ सालीं तो हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्यांत नोकरीस लागला आणि पुढें मुंबई इलाख्यांतील लाव्ह्याच्या थरांची पाहणी करतांना सह्याद्रीचे कडे, घाट व किल्ले त्यानें पायीं तुडविले. दगडाकडे पाहण्याची संवय असलेल्या माणसाला दगडावरचा जीव दिसणें साहजिक होतें. १८६३ सालीं त्यानें सह्याद्रीच्या कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या प्रजातींचें वर्णन एकाच लेखांत प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं 'लिथोटिस रुपिकोला' हा ओल्या दगडावर राहणारा, जमिनीवरील गोगलगायींच्या घराण्यांतील जीव. दुसऱ्याला त्यानें नांव दिलें 'क्रेम्नोबेटिस सह्याद्रेन्सिस'. ग्रीक भाषेंत क्रेम्नोबेटिस म्हणजे कड्यावर चालणारा. पुढें सह्याद्रीचें नांव. महाराष्ट्राच्या पर्वताचें नांव शास्त्राच्या पानांवर इतक्या सरळपणें क्वचितच उमटलें असेल.

परंतु हें सुंदर नांव टिकलें नाहीं. प्राणिशास्त्राचा नियम असा कीं सबंध प्राणिसृष्टींत प्रजातीचें एक नांव एकदांच वापरतां येतें. जो आधीं वापरील त्याचा हक्क. १८६१ सालीं, म्हणजे केवळ दोन वर्षें आधीं, गुंथर नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञानें एका माशाला क्रेम्नोबेटिस म्हटलें होतें. ब्लॅनफर्डला आपलें नांव मागें घ्यावें लागलें, आणि १८६९ सालीं त्यानें त्याऐवजीं क्रेम्नोकाँकस हें नांव योजिलें. त्याचा अर्थ कड्यावरील शंख. कड्यावर चालणारा होता तो नुसता कड्यावरचा झाला. पुढच्याच वर्षी, १८७० सालीं, त्यानें ह्या प्रजातीच्या आणखी जातींचीं वर्णनें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत दिलीं. मग १९०५ सालीं तो वारला.

नव्या जातीचें वर्णन करणें म्हणजे काय, ह्याची कल्पना सर्वसाधारण वाचकाला नसते. एखादा विचित्र प्राणी सांपडला, त्याला लॅटिन नांव दिलें, काम संपलें, अशी समजूत आढळते. वस्तुतः दिवेआगरच्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्या कोणाहिपेक्षां लवकर पटावी. ह्या गांवीं शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, एक ताम्रपट सांपडला असून मराठी भाषेच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. ताम्रपट हा दस्तऐवज असतो. त्यांत काल असतो, स्थल असतें, साक्षी असतात. आणि पुढें वाद उत्पन्न झाला तर शब्दाशब्दावर बोट ठेवून निवाडा करतां येतो. जातीचें वर्णन हा असाच दस्त होय. पुष्कळ नमुन्यांतून एक नमुना निवडतात आणि तो जातीचा आधारनमुना म्हणून संग्रहालयांत कायमचा ठेवतात. तो कोणत्या ओढ्यांत, किती उंचीवर, कोणत्या दिवशीं मिळाला हें लिहितात. शंखाची उंची, रुंदी, वेढ्यांची संख्या, तोंडाचा आकार मोजतात. प्राणी मद्यार्कांत जतन करून त्याचें विच्छेदन करतात. त्याची कानशीसारखी दांतेरी जीभ काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं धरतात, कारण तिच्यावरील सूक्ष्म दांतांच्या ओळी घराण्याचें गुपित फोडतात. लिटोरिनिडी कुलांत तर नराच्या जननेंद्रियाची घडण हा जाति ओळखण्याचा मोठाच आधार मानला जातो. अलीकडे पायाच्या मांसाचा कण घेऊन त्यांतील डीएनए वाचतात आणि त्यावरून नात्यांचा वंशवृक्ष मांडतात. हें सर्व झालें म्हणजे मग नांव. जो कोणी पुढें येईल त्याला तो आधारनमुना मागवून, हा तोच कीं निराळा, असें विचारतां आलें पाहिजे.

ब्लॅनफर्डनंतर ह्या कड्यावरील शंखाकडे अधूनमधून कोणी ना कोणी पाहत राहिलें, परंतु त्याची सगळी वस्ती महाराष्ट्राच्या घाटांतच आहे, असाच समज होता. तो मोडला २०१३ सालीं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील डेव्हिड रीड, बंगळूरच्या 'अत्री' संस्थेंतील एन. ए. अरविंद आणि उडुपीच्या पूर्णप्रज्ञ महाविद्यालयाशीं संबद्ध असलेले एन. ए. मध्यस्थ ह्या तिघांनीं लिनीअन सोसायटीच्या प्राणिशास्त्रीय नियतकालिकांत ह्या प्रजातीचा सांगोपांग अभ्यास प्रसिद्ध केला. रीड ह्यांचें आयुष्य लिटोरिनिडी कुलाच्या अभ्यासांत गेलें आहे. दुसऱ्या दोघांना कर्नाटकांतील घाटांच्या ओढ्यांची माहिती होती. त्या निबंधांत एकूण नऊ जाति मांडल्या असून त्यांपैकीं सहा अगदीं नव्या, आणि त्या सहाहि कर्नाटकांतील. आगुंब्याच्या नांवावरून एक 'आगुंबेन्सिस' झाली. एकीला 'हनुमानी' म्हटलें. लहानशा गोळ्यासारखी म्हणून 'ग्लोब्युलस', पट्टा धारण करणारी म्हणून 'सिंग्युलेटस', तांबूस तपकिरी रंगाची म्हणून 'कॅस्टॅनिया'. आणि सहावी 'द्वारकी'. लॅटिनच्या पंक्तींत हनुमान येऊन बसला हें पाहून कोणासहि हंसूं येईल. परंतु कड्यावरून कड्यावर उडी घेण्याचें सामर्थ्य ह्या बिचाऱ्या जीवाला मुळींच नाहीं.

आणि तेंच त्याच्या कहाणीचें मर्म आहे. समुद्रांतील पुष्कळशा शंखांचीं पिल्लें जन्मतांच पाण्यांत तरंगूं लागतात आणि प्रवाहाबरोबर शेंकडों मैल जातात. शेखाडीच्या खडकावरील शंखाची संतति दूर कोठें तरी परक्या खडकावर रुजली तर त्यांत नवल नाहीं. डोंगरांतील ओढ्यांत ही सोय निरुपयोगी. तेथें तरंगणारें पिल्लूं धबधब्याबरोबर खालीं कोसळून थेट समुद्राची वाट धरील. कड्यावरील शंखाला ह्यास्तव जन्मल्या दगडालाच चिकटून राहावें लागतें. तो दोन धबधब्यांमधील कोरडें जंगल ओलांडूं शकत नाहीं, सखल प्रदेशांतील कोमट, गढूळ पाण्यांत जगूं शकत नाहीं. सुमारें हजार फुटांपासून साडेचार हजार फुटांपर्यंतचे, थंड व निर्मळ पाण्यानें ओलावलेले उभे कडे एवढीच त्याची पृथ्वी. नकाशावर सह्याद्रि ही एक अखंड रांग दिसते. ह्या शंखाच्या दृष्टीनें तो एक द्वीपसमूह आहे, आणि प्रत्येक ओला कडा हें एक बेट. एका बेटावरील कुटुंब दुसऱ्यापासून हजारों पिढ्या तुटून राहिलें म्हणजे त्याची तऱ्हा निराळी होते. अशा रीतीनें जाति उत्पन्न होतात.

बेटांवरच्या गोड्या पाण्यांत हा खेळ आणखी स्पष्ट पाहावयास मिळतो. सुलावेसी बेटावरील पोसो व मलिली येथील सरोवरांत 'टायलोमेलानिया' नांवाचे शंख आहेत. पॉल व फ्रिट्झ सारासिन ह्या दोघां स्विस नातलगांनीं त्यांचें वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलें. सेलिबीसच्या गोड्या पाण्यांतील शंखांवरचा त्यांचा ग्रंथ १८९८ चा. त्यानंतर शंभर वर्षांनीं बर्लिनच्या संशोधकांनीं तीं सरोवरें पुन्हां पाहिलीं, तेव्हां सारासिनांच्या हातून कितीतरी जाति निसटल्या होत्या असें दिसून आलें. कोणी दगडावर, कोणी चिखलांत, कोणी बुडालेल्या लांकडावर अशी त्यांनीं सरोवराची वांटणी करून घेतली होती. परंतु नांवें पडतात तोंच बाहेरून आणून सोडलेल्या माशांनीं त्या पाण्यांत धुमाकूळ घालावयास आरंभ केला आहे.

आतां एक प्रश्न सहज मनांत येतो. समुद्राचा रहिवासी साडेचार हजार फूट उंचीवर चढला कसा? परशुरामानें बाण मारून समुद्र मागें हटविला आणि कोंकण निर्माण केलें, ही कथा किनाऱ्यावरील प्रत्येक घरांत मुलांना ठाऊक असते. नवलाची गोष्ट अशी कीं एकोणिसाव्या शतकांतील भूगर्भशास्त्रज्ञांतहि एक तर्क थेट ह्याच वळणाचा होता: सह्याद्रीचे कडे म्हणजे प्राचीन समुद्राच्या लाटांनीं कापलेले कडे, आणि समुद्र पुढें ओसरल्यावर कोंकणपट्टी उघडी पडली. किनाऱ्यावरच्या कुलांतील शंख त्या कड्यावर बसलेला दिसल्यावर हा तर्क कोणाला मोहक वाटणार नाहीं? समुद्र निघून गेला, आणि कडा सोडावयास न धजलेला हा एक जुना कुळवाडी मागें राहिला, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

आजचें शास्त्र हें चित्र जसेंच्या तसें मान्य करीत नाहीं. दख्खनचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वी वाहिला. त्यानंतर लौकरच सेशेल्स बेटांचा तुकडा हिंदुस्थानापासून तुटून दूर सरकला आणि आजचा पश्चिम किनारा जन्माला आला. त्या फाटलेल्या कडेचा उभा कडा पावसानें व ओढ्यांनीं झिजत झिजत पूर्वेकडे सरकत गेला, आणि त्याच्या पायथ्याशीं कोंकणची पट्टी उरली. म्हणजे समुद्र हटला त्यापेक्षां पर्वतच हटला, असें म्हणणें अधिक खरें. शंखाच्या बाबतींतहि डीएनएनें एक वेगळीच गोष्ट उघड केली. शेखाडीच्या खडकावर आज दिसणाऱ्या जातींचा हा सख्खा वंशज नव्हे. लिटोरिनिडी कुलांतील दुसऱ्याच एका शाखेशीं त्याचें नातें लागतें. दोघे एका कुलांतील खरे, पण चुलत घराण्यांतले. तेव्हां ह्याचे पूर्वज फार प्राचीन काळीं, कडा जेव्हां समुद्राच्या जवळ होता त्या वेळीं, तुषारांच्या खडकावरून झिरपत्या पाण्याच्या खडकावर आणि तेथून ओढ्यांत शिरले असावेत, आणि मग पर्वताबरोबर त्यांनींहि हळूहळू पूर्वेकडे मुक्काम हलविला असावा, हा तर्क करण्यास जागा आहे. परशुरामाच्या कथेहून तो कमी विस्मयकारक नाहीं.

एवढ्याशा जीवाच्या कुलकथेचा उपयोग काय, अशी शंका व्यवहारी माणूस घेतोच. तिचें एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यांतच मिळण्यासारखें आहे. गुहागर तालुक्यांत गिमवी नांवाचें गांव आहे. तेथील लोकांना लघवीवाटे रक्त जाण्याची व्याधि होती. १९५२ सालीं गाडगीळ व शाह ह्या दोन वैद्यकीय संशोधकांनीं दाखवून दिलें कीं ह्या व्याधीचें कारण शिस्टोसोमा नांवाचा कृमि होय. आफ्रिकेंत व ईजिप्तमध्यें थैमान घालणाऱ्या ह्या कृमीचें ठाणें हिंदुस्थानांत कोठें असेल अशी त्या काळीं फारशी कोणाची कल्पना नव्हती. हा कृमि माणसाच्या अंगांत शिरण्यापूर्वीं कांहीं काळ गोड्या पाण्यांतील विशिष्ट शंखाच्या देहांत वाढतो. आफ्रिकेंत ज्या जातींत तो वाढतो त्या तर कोंकणांत नाहींत. मग गांवच्या ओढ्यांतील कोणता शंख दोषी? शोध घेतां घेतां तो आरोप 'फेरिसिया टेन्युइस' ह्या, दगडाला व पानाला चिकटून बसणाऱ्या, टोपीच्या आकाराच्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या शंखावर आला. असला शंख सामान्य माणसाच्या नजरेस येत नाहीं आणि आलाच तरी तो त्याला शंख म्हणणार नाहीं. त्याला आधींपासून नांव होतें, वर्णन होतें, म्हणून तो ओळखतां आला. कालांतरानें गिमवीचा रोग ओसरला.

दिवेआगरच्या वाड्यांतहि गोड्या पाण्याचे शंख आहेत. विहिरींच्या कांठीं, पोफळींना पाणी नेणाऱ्या पाटांतून, भाताच्या खाचरांतून ते सांपडतात. परंतु असल्या ठिकाणचे उंच, मळकट, मनोऱ्यासारखे किंवा चपट्या गुंडाळीसारखे शंख हिंदुस्थानभर आढळतात, आणि त्यांपैकीं कांहीं तर अर्ध्या जगांत पसरले आहेत. एका विहिरींतून ते नाहींसे झाले तरी दुसरींतून परत येतील. कड्यावरील शंखाची गोष्ट तशी नाहीं. त्याची एक जाति म्हणजे पुष्कळदां मोजके धबधबे. २०११ सालीं पश्चिम घाटांतील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यांत ब्लॅनफर्डची 'सह्याद्रेन्सिस' धोक्यांत असलेल्यांच्या यादींत आहे. ज्या जातीला पर्वताचें नांव मिळालें तिलाच पर्वतावर राहणें कठीण होऊं पाहत आहे.

धोका कोठून येतो हें पाहण्यास शास्त्रज्ञ व्हावें लागत नाहीं. गिरिस्थानीं पाहुणे वाढतात, पाहुण्यांना पाणी लागतें, आणि कड्याच्या माथ्यावरील झऱ्याला नळ बसतो. पावसाळ्यांत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, कारण तेव्हां सगळा डोंगरच वाहत असतो. फाल्गुन-चैत्रांत मात्र जो दगड शेंकडों वर्षें ओला होता तो प्रथमच कोरडा पडतो. शेखाडीच्या शंखाला कोरडेपणाची संवय आहे. भरती पुन्हां येणार हें त्याच्या रक्तांत आहे. बारमाही झऱ्यावर विसंबलेल्या जीवाला झांकण लावून किती काळ वाट पाहतां येईल? दुसरीकडून सांडपाण्याचा साबण ओढ्यांत उतरतो. घाटरस्ता रुंद करावयाचा तर कडा फोडावा लागतो, आणि तो फोडणें पुष्कळदां अपरिहार्यहि असतें. शिवाय निसर्ग स्वतः आहेच. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरास एका अहोरात्रांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाटांत दरडींनीं रस्ता वाहून गेला. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर कोसळून माणसांचे संसारच्या संसार गाडले गेले. त्या दुःखाशेजारीं शंखाचें नांव काढणें बरें दिसणार नाहीं. परंतु दरड कोसळते तेव्हां कड्याची सबंध ओली त्वचा सोलून निघते, एवढें ध्यानांत ठेवावें. पूर्वींहि दरडी कोसळत आणि शेजारच्या ओल्या खडकावरून जीव पुन्हां पसरत. शेजारचा खडक नळानें आधींच कोरडा केला असेल तर मग कोठून पसरणार?

महाबळेश्वर आणि आगुंबे ह्यांच्यामध्यें सुमारें पांचशें किलोमीटरांचें अंतर आहे. ह्या मधल्या पट्ट्यांत आंबोली आहे, दूधसागर आहे, पावसानें वर्षाचे चार महिने आंधळे होणारे कित्येक घाट आहेत. २०१३ च्या निबंधांतील नऊ जाति ह्या पट्ट्याच्या दोन टोकांना राहतात; मधल्या भागांतून एकाहि जातीची नोंद नाहीं. तेथें हे शंख पूर्वीं होते व नष्ट झाले, कीं मुळांत नव्हतेच, कीं त्यांच्याकडे कोणी वांकून पाहिलेंच नाहीं, ह्याचा निकाल बैठकींत बसून लागण्यासारखा नाहीं. खुद्द आंबोलींतूनच २०२१ सालीं अर्धवट कवचाच्या जमिनीवरील गोगलगायीची एक नवी प्रजाति प्रसिद्ध झाली, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे महाराष्ट्रीय अभ्यासक वरद गिरी ह्यांच्या सन्मानार्थ तिला 'वरदिया' हें नांव मिळालें. ज्या गांवीं दर पावसाळ्यांत पर्यटकांची रीघ लागते तेथें ती तोंवर अनामिक होती.

अशा शोधाला मोठें साधन लागत नाहीं. पावसाचा जोर ओसरला म्हणजे, आश्विनाच्या सुमारास, धबधब्याच्या मुख्य धारेपासून थोडें बाजूस, जेथें दगडावर हिरवट-काळें शेवाळ असून पाण्याचा पातळ पडदा सतत सरकत असतो तेथें, डोळे दगडापासून वीतभर अंतरावर आणून निरखावें. पहिलीं कांहीं मिनिटें नुसते खडे दिसतात. मग त्यांतला एखादा खडा सरकतो. स्थळ, ओढ्याचें नांव, उंची व तारीख लिहून ठेवावी, शेजारीं नाणें ठेवून छायाचित्र घ्यावें, आणि तें पुण्यास भारतीय प्राणि-सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाकडे पाठवावें. हें केंद्र १९५९ पासून तेथें आहे. शंख उचलून पाहिला असेल तर तो त्याच दगडावर, त्याच ओलीवर, तोंड खालीं करून ठेवावा आणि त्याचा पाय दगडाला पुन्हां धरला आहे ना, हें पाहूनच पुढें जावें.